मंठाळच्या चढावर दम सोडणारी गाडी

अवो डायवरसायेब,

व्हय, व्हय, चढली! मंठाळचा चढ तिसऱ्या गेरात चढली, आन् वर गेल्यावर चौथा टाकला तरी कुरकुरली न्हाई. झालं समाधान? मला ठाव व्हतं, तिकडं देवाघरी जाऊनबी तुमचा पयला सवाल गाडीचाच असणार. कस्तुरे, तू कशी हायस, गुडघा दुखायलाय का, हे इचारलं तर तुमची शान जाती!

मी बरी हाय. गुडघा दुखायलाय. आता ऐका.

हे पत्र आत्ताच कामून, ते सांगते. काल खाजा मिस्त्रीनं आपल्या गाडीचं बोनट धाडदिशी लावलं, हात पुसले आन् मला म्हणले, "भाभी, अण्णा को खबर कर देव." म्या म्हणलं, "खाजाभाई, त्यांचा फोन लागत न्हाई आता." तर म्हणतात कसं, "लिख के देव. तुमारा अक्षर अच्छा है." बगा! चाळीस वर्षांत तुमी कवा माझं अक्षर चांगलं म्हणलात? त्या माणसाला मराठी वाचाया येत न्हाई, तरी त्याला कळलं!

दचकलात न्हवं, खाजाभाईचं नाव ऐकून? दचका. तेच खाजाभाई. मन्नाएखेळ्ळीचे. ज्यांचा चहा तसाच ठेवून तुमी उठून आलात, ते.

आन् ही वही वळखू येती का? निळ्या पुठ्ठ्याची. तुमीच दुकानातून आणून माझ्या मांडीवर टाकली व्हती. "सातवी शिकलीस न्हवं? मग लिव्ह. गाडीनं कुटं दम सोडला, चढ व्हता का सपाट, काटा किती तापला व्हता, थांबल्यावर किती वेळानं परत ओढाया लागली." म्या सगळं लिव्हलं. तुमी सांगटलं न्हवतं तेबी लिव्हलं. डायवरसायेबांनी शिव्या किती दिल्या, त्याचा येगळा रकाना हाय. उरलेल्या पानांवर आता हे पत्र लिव्हायले. कागद वाया कामून घालवायचा?

तुमी सरकारी बस तीस वर्षं चालवलात. गावोगावच्या बायका तुमच्या गाडीत बसून माहेरी गेल्या, सासरी आल्या, बाजार करून आल्या. आन् तुमची बायको? एकदा हुलसूरच्या फाट्यावर मी हात केला, तर तुमी गाडी थांबवलात, आन् मला म्हणलात, "मागं जागा हाय, मागं जा." पुढचं शीट रिकामं व्हतं बरं का! कंडक्टर हसला. मी तवाच मनात गाठ मारली, हा माणूस एक दिवस मला पुढं बसवंल, तवाच मी जिंकले.

मग नोकरी संपली आन् तुमी ती पांढरी जीप आणलात. जुनीच, पर तुमाला नवी नवरी आणल्यासारखं झालं व्हतं. "कस्तुरे, टर्बो हाय टर्बो!" म्या म्हणलं, "म्हणजे काय वो?" तुमी अंगणात उभं राहून मला शिकवलात. इंजनाच्या धुरानं एक पंखा फिरतो, तो पंखा हवा दाबून दाबून इंजनात कोंबतो, हवा जास्ती म्हणजे ताकद जास्ती. म्या म्हणलं, "म्हणजे तुमच्यासारखंच. फुगवलं की पळतंय." तुमी दोन दिवस बोललात न्हाई.

आन् पळवलात की! बसला बांधलेला माणूस सुटल्यावर कसा पळतो, ते बगितलं म्या. एकले जायचात. बिदर, उदगीर, मन्नाएखेळ्ळी. "तू कशाला? ऊन लागंल." मी दारात. रस्त्याचा धुरळा खाली बसंपर्यंत उभी राहायची.

मग जीप आणल्यावरच्या पयल्या खंडेनवमीनंतर काय झालं, ते तुमी घरी येऊन सांगटलात, तसं या वहीच्या पयल्याच पानावर हाय. "मंठाळचा चढ. अर्धा चढल्यावर गाडीनं दम सोडला. पाय दाबला तरी ओढंना. दुसऱ्या गेरात वर आली. वर थांबून चहा पिलो. अर्ध्या तासानं चांगली पळाली. शिव्या: चार."

तसंच व्हायला लागलं. सकाळी गार असताना घोड्यावानी. सपाट रस्त्याला कायबी न्हाई. तापली, चढ आला, की गपकन बसायची. आन् रोज न्हाई बरं! चार दिवस नीट, पाचव्या दिवशी परत. बिदरच्या त्या कंप्युटरवाल्याकडं नेलात, त्यानं तार जोडली, म्हणला, हवा कमी पडायली. एवढं तर मीबी सांगटलं असतं! तुमी डिझलची जाळी बदललात, हवेची जाळी बदललात. मग खाजाभाईनं टर्बो खोलून साफ केला. तरी तेच.

पर एक गोष्ट झाली. तुमाला एकल्यानं जायचं भ्या वाटाया लागलं. चढावर मधीच बसली, मागून ट्रक आला, तर? दगड लावाया कुणीतरी पायजे, वही लिव्हाया कुणीतरी पायजे. आन् एका दिवशी तुमी दारात गाडी चालू ठेवून हारन वाजवलात. "ये कस्तुरे. पुढं बस."

म्या लुगडं बदललं. तुमी म्हणलात, "लग्नाला चाललीस का?" व्हय, चाललेच व्हते!

आठवतं का, चढावर गाडी बसली की आपून झाडाखाली बसायचो? तुमी पेरू कापायचात, मी मीठ काढायची. पदराला मीठ बांधून येते म्हणून तुमी हसायचात, आन् मग अर्ध्यापेक्षा जास्ती तुमीच खायचात. सुंदराकडं, माझ्या धाकट्या बहिणीकडं, मंठाळला मी लग्नानंतर जितक्यांदा गेले न्हवते तितक्यांदा त्या सव्वा वर्षात गेले. ती म्हणायची, "अक्का, तुझी गाडी बिघडली का तुझं नशीब सुधारलं?" तुमी गाडीखाली आडवे व्हतात तवा, ऐकलात का न्हाई ते ठाव न्हाई.

एक तक्रार मात्र हाय. तुमी वरडताना माझ्यावर कवाच वरडला न्हाईत, हे खरं. सगळा राग खाजाभाईवर.

तीस वर्षं ज्याच्या दुकानासमोर बस थांबवून पयला चहा पिलात, त्या माणसाला दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर तुमी काय म्हणलात? मी पुढच्या शिटावरच व्हते, काच खाली व्हती. "खाजा, माझा असली टर्बो काढून कुणाचा जुना घातलास?" चार गिऱ्हाइकं बसली व्हती. खाजाभाईनं हातातलं कापड घडी करून ठेवलं, आन् एवढंच म्हणले, "अण्णा, चाय ठंडी होरी." तुमी गाडीत येऊन बसलात. चहा तितंच. मी मागं वळून बगितलं, ते कप हातात घेऊन उभे व्हते. पीत न्हवते, फेकत न्हवते. निस्ते उभे.

मग तुमी हुलसूरभर सांगत सुटलात. तुमचा शब्द म्हणजे डायवर अण्णाचा शब्द! आपल्या बाजूची एकबी गाडी त्यांच्याकडं जाईना झाली. इतकं कामून केलात वो? आन् मी बाजूला बसून गप कामून बसले? ते पुढं लिव्हते. दम धरा. तुमाला दम धरायची सवय न्हवती, आता तरी लागली असंल.

त्याच हिवाळ्यात तुमी गेलात. शेतात हुरडा भाजायलो व्हतो, तुमी तोंडात घास टाकलात, म्हणलात, "कवळा हाय गं," आन् खुर्चीवरच मान टाकलात. ना दवाखाना, ना गाडी. डायवरानं असं बिनगाडीचं जाण्यात काय मान हाय का, असं मी त्या दिवशीच म्हणले आन् सगळ्या बाया माझ्याकडं बगाया लागल्या. पर मला बरं वाटलं. कवळा हुरडा खाऊन गेलात.

खाजाभाई आल्ते. लिंबाच्या झाडापाशी टोपी घालून उभे राहिले. आत आले न्हाईत. म्याबी बोलावलं न्हाई. लाज वाटली.

गेल्या म्हैन्यात तुमचं वरीस घातलं. आपला पोरगा हैद्राबादहून आला, संतोष. गाडी वरीसभर गोठ्यात उभी व्हती, कोंबड्यांनी शिटावर अंडी घालाया सुरवात केली व्हती. त्यानं बॅटरी बदलून चालू केली आन् मला घेऊन सुंदराकडं निघाला. मंठाळच्या चढावर गपकन. तुमचंच तोंड! तशाच शिव्या! म्या रकान्यात लिव्हल्या बी. मग म्हणला, "आई, हिला काढून टाकू. अप्पाला त्या मिस्त्रीनं फसवलं. गिऱ्हाईक बगून ठेवलंय, त्याला घेऊन पुढच्या आठवड्यात येतो. आन् तवाच मन्नाएखेळ्ळीला जाऊन त्या मिस्त्रीला चार शब्द सुनावतो."

गाडी जाईल त्याचं वाईट वाटलंच. पर त्या चार शब्दांनी माझी झोप उडाली. म्हाताऱ्या माणसाला माझं लेकरू चार लोकांत चोर म्हणणार. कुणामुळं?

म्या म्हणलं, "संतोष, चार दिवस थांब. मी बगते." तो हसला. "आई, तू काय बगणार? तुला बोनट उघडतं का?"

संतोष हैद्राबादला गेला, आन् म्या वहीच्या पुठ्ठ्यावरचा नंबर लावला. "खाजाभाई, मी कस्तुरबाई. हुलसूरची." मग हळूच म्हणले, "भाभी, गाडी बंद पडी क्या?" म्या म्हणलं, "माणूस बंद पडून वरीस झालं, गाडी चालू हाय." हसले बगा! मग म्हणले, "मैं आऊँ क्या?" म्या म्हणलं, "या. चहा ठेवते. गरम."

बसनं आले. पिशवीत पाने, गळ्यात मफलर, वजन निम्मं झालंय त्यांचं. अंगणात बसून चहा पिले. गाडीकडं बगितलंबी न्हाई. म्हणले, "पयले किताब पढो."

म्या वही वाचली. पान एक ते शेवटचं. शिव्यांचा रकानाबी. ते डोळे मिटून ऐकायले व्हते, मधीच बोट वर करायचे. "फिर से पढो. थांबून क्या किया?" म्या वाचलं, थांबून चहा पिलो. "अगली बार?" थांबून पेरू खाल्लो. "उसके बाद?" थांबून गाडी गार केली, मग मन्नाएखेळ्ळीला नेली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला!

"भाभी! अण्णा जब भी लाये, ठंडी करके लाये!"

कळलं का डायवरसायेब? तीस वर्षांची तुमची शिस्त! गाडी तापली की बाजूला घ्यायची, बंद करायची, गार होऊ द्यायची, मग हलवायची. तसंच करून तुमी ती त्यांच्या दारात न्यायचात. तितं गेल्यावर गाडी ठणठणीत. त्यांनी काय बगायचं? ताप उतरल्यावर लेकराला दवाखान्यात नेलं तर डाक्टर काय करंल? आन् तुमी म्हणायचात, ह्याला कळंना झालंय!

मग एका जागी ते परत थांबले. "भाभी, यां आठ दिन कुच नई? दूसरी खंडेनवमी के बाद?" म्या वही जवळ घेतली. "मला ताप आल्ता," म्या म्हणलं. "लिव्हलं न्हाई." ते माझ्याकडं बगितले. "हौ," म्हणले. "बुखार आया होगा."

आमी दोघं निघालो. ते चालवायले, मी पुढं. पयल्यांदा चढली. खाली येऊन परत. दुसऱ्यांदा चढली. म्हणले, "आने देव, बीमारी को आने देव." तिसऱ्यांदा, दुपारचं ऊन डोक्यावर, अर्ध्या चढावर गाडी गपकन बसली. आन् ह्या माणसानं काय केलं? बंद केली न्हाई! तितंच हातब्रेक वढला, खाली उतरले, चारी चाकांना दगड लावले, बोनट उघडलं, आन् मला म्हणले, "भाभी, इधर आओ. स्टेरिंग के पीछे बैठो. मैं बोलूँ तो पाँव दाबो."

मी! तुमच्या शिटावर! तुमी मला त्या शिटावरची धूळ झाडू दिली न्हवतात! पाय पोचंना, म्या लुगडं वर खोचलं आन् पुढं सरकून बसले. "दाबो!" म्या दाबलं. इंजन असं वरडलं की खाली बांधावरली म्हस उठून उभी राहिली. "छोडो! दाबो!" मला एवढं हसू आलं, आन् हात घामानं भिजले व्हते. हसू कामून आलं ते कळंल तुमाला. घाम कामून आला, ते न्हाई कळायचं अजून.

त्यांनी मला उतरून दाखवलं. पंख्याच्या बाजूला बोटाएवढी एक सळी हाय. इंजन चालू असलं की ती आत वढली जायला पायजे, मग पंखा हवा कोंबतो. ती सळी मेल्यावानी पडलेली. सळीला एक बारीक रबरी नळी जाती. त्या नळीतून वढ येती. खाजाभाई हाताला कापड गुंडाळून त्या नळीवरून बोट फिरवत फिरवत आत आत गेले. लई आत, मागं, जितं जाड हात सहज पोचत न्हाई. आन् थांबले.

"भाभी. यां कुच बंधा है."

काळा कुळकुळीत झालेला दोरा. नळीत रुतलेला. त्यांनी ब्लेडनं एक टोक कापलं, आन् सळी टुणकन आत गेली! इंजनाचा आवाजच बदलला. जसं कुणी गळा सोडला.

ते दोरा हातात घेऊन बगायले व्हते. बाहेरून काळा, आतून हिरवा, हिरव्यात पिवळं. म्या सांगून टाकलं. "खाजाभाई, म्या बांधला."

तुमाला आठवतं का ती पयली खंडेनवमी? गावातल्या सगळ्या गाड्यांना लिंबू-मिरच्या, दोरे, झेंडूच्या माळा. आन् आपले डायवरसायेब म्हणणार, "काचेसमोर कायबी लटकवायचं न्हाई. नजर अडती." लिंबू चाकाखाली तेवढा ठेवू दिलात. तुमचा पळवायचा सोस बगून माझा जीव खाली-वर व्हायचा. दर्ग्याचा हिरवा दोरा आणला व्हता म्या, त्याला खंडोबाचा भंडारा चोळला. तुमच्यासारख्या डायवराला एका देवानं भागतंय का? तुमी नारळ फोडाया वळलात, आन् म्या बोनटात आतपर्यंत हात घालून बोटाला लागंल त्या नळीला बांधला. सात येढे, पाच गाठी. गच्च. जितका गच्च तितकी राखण, असं मला वाटलं.

राखण झाली की! गाडीचा गळाच धरला दोऱ्यानं. इंजन तापलं की रबर मऊ पडायचं, दोरा आत रुतायचा, वढ बंद. गार झालं की रबर परत ताठ. तुमी सव्वा वर्ष जे शोधलात, ते तुमच्या बायकोच्या गाठीत व्हतं.

मला वाटलं खाजाभाई रागावतील. त्यांनी दोरा डोळ्याला लावला, खिशात ठेवला, आन् रस्त्याच्या कडंला बसून इतकं हसले, इतकं हसले की डोळ्यांतून पाणी. "दर्गे का धागा! अण्णा, मैं टर्बो खोला रे, पंप खोला रे..." मग हसणं थांबलं आन् पाणी थांबंना. म्या पदराचं मीठ सोडून पदर पुढं केला. काय करू? त्यांचं कापड तेलकट व्हतं.

मग नळी काढून मला दाखवली. "भाभी, दो निशान हैं." खरंच दोन व्हते. एक जुना, बुजत आलेला. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, दुसरा. ह्यातच दोरा रुतलेला व्हता. म्या म्हणलं, "दोरा सरकला असंल." त्यांनी माझ्याकडं बगितलं. लई वेळ बगितलं. मग नळी पिशवीत टाकली. "हौ," म्हणले. "सरक गया होगा." आन् जुनी दुसरी कुठली तरी नळी तात्पुरती लावून गाडी वर नेली. तिसऱ्या गेरात, मग चौथ्या. ती पयल्याच ओळीत सांगटली तुमाला.

घरी येऊन संतोषला फोन केला. "मिस्त्रीची चूक न्हाई, दोरा माझा." मग म्हणला, "आई! तू अप्पाच्या गाडीला ताईत बांधलास?" आन् हसला. गाडी इकायची न्हाई म्हणला. खाजाभाईला फोन करून माफी मागतो म्हणला. म्हणजे चार शब्द टळले.

पर अर्धंच सांगटलं न्हवं म्या, त्यालाबी आन् खाजाभाईलाबी.

म्हणून हा शब्द देते तुमाला. शुक्रवारी नमाज झाल्यावर खाजाभाई नवी नळी घेऊन येणार हाईत. ते आले की मी त्यांच्या संगं पुढच्या शिटावर बसून मन्नाएखेळ्ळीला जाणार. त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकं बसलेली असतील तवा, उभी राहून सांगणार, सगळं, दोन्ही निशाणांचं. मग हुलसूरच्या बाजारात सांगणार. जितं जितं तुमी बोललात, तितं तितं. आन् तुमी ठेवलेला तो चहा पिऊन येणार. ते म्हणले हाईत, उन्हाळ्यात गाडी शिकवतो. तेबी शिकणार. सुंदराकडं स्वताच जाईन, आन् दुसरी कुणी बाई फाट्यावर हात केली तर तिला पुढं बसवीन.

त्यांना सांगायच्या आधी तुमाला सांगावं, म्हणून ही पानं.

पयल्यांदा बांधला ते न कळता. दुसऱ्या खंडेनवमीला मी कुंकू लावाया बोनटात वाकले, तवा नळीत रुतलेला दोरा मला दिसला. तो सोडून जवळ ठेवला. आठ दिवस गाडी वाऱ्यावानी पळाली, वहीत लिव्हाया कायबी न्हवतं. तुमी गावभर म्हणलात, टर्बो साफ केला त्याचा गुण, खाजा जादूगार हाय. आन् आठी दिवस तुमी एकले गेलात, मी दारात, धुरळा बसंपर्यंत. दोरा सुटला तसं माझं पुढचं शीटबी सुटलं, ते मला कळलं. सगळं कळलं.

नवव्या दिवशी तुमी आंघोळीला गेल्यावर म्या तो परत बांधला.

तुमची,
पुढच्या शिटावरची कस्तुरबाई